अल्पवापराचं चित्रदालन

मी विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात अभिरक्षक आहे. अभिरक्षक म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना बावीस वर्षांत उमगलेलं नाही. "आमची सून फोटोंवर देखरेख करते," असं त्या पाहुण्यांना सांगतात. विद्यापीठातल्या बऱ्याच प्राध्यापकांना तेवढंही सांगता येणार नाही, म्हणून सासूबाईंवर माझा राग नाही.

काम साधं आहे. आमच्याकडे चारशे बारा चित्रं आहेत आणि एकोणतीस शिल्पं. बहुतेक संस्थानकाळातली आणि त्यानंतरच्या वीसेक वर्षांतली. प्रत्येकाला नोंद क्रमांक असतो. रोज सकाळी दालन उघडलं की हवेतली आर्द्रता लिहायची, कारण कागद आणि कॅनव्हास हवा पितात. उन्हाची तिरीप कुठवर येते ते बघून पडदे ओढायचे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक चित्र भिंतीवरून उतरवून त्याची पाठ तपासायची, कारण वाळवी कधीच समोरून येत नाही. मदतीला एकच माणूस, शिवाप्पा. नेसरीच्या पुढचा, सीमेजवळच्या गावचा. वयानं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, तरी मला 'अक्का' म्हणतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये जागावापर समितीचं पत्र आलं. विद्यापीठातली कुठली खोली किती वापरात आहे हे ठरवणारी ही समिती. पत्रात आमच्या दोन्ही दालनांना 'अल्पवापर असलेली जागा' म्हटलं होतं. तिथं उत्तरपत्रिका तपासणी केंद्र करायचं, आणि चित्रं 'सुरक्षितपणे' ग्रंथालयाखालच्या तळघरात हलवायची, असा प्रस्ताव होता. म्हणणं मांडायला मुदत मार्चपर्यंत.

मी उपकरण घेऊन त्या तळघरात गेले. आर्द्रता अठ्ठ्याहत्तर टक्के. पाऊस अजून नीट सुरूही झाला नव्हता. भिंतीला हात लावला तर चुना बोटांना आला. जलरंगाच्या चित्रावर एकदा बुरशी बसली की ती निघते, पण रंग घेऊन निघते. तळघरात जाणं म्हणजे चित्रांचा हळूहळू शेवट, हे मला त्या दिवशीच स्पष्ट होतं.

पण समिती खोटं बोलत नव्हती, हेही सांगायला हवं. अभ्यागतांच्या वहीत आदल्या वर्षी अकराशे चार नावं होती. त्यातली सहाशेच्या वर पदवीदानाच्या दोन दिवसांतली. मंडपात ऊन लागतं म्हणून पालक आत आले होते. उरलेल्यांत प्राध्यापक किती, तर सात. त्यातले दोघे स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारायला.

शिवाप्पानं उपाय काढला. "अक्का, वही माझ्याकडं द्या. रोज धा-पंधरा नावं घालतो की. गावाकडं माणसांस्नी काय तोटा हाय?"

"शिवाप्पा, त्या वहीला हात लावलास तर तुलाच नोंद क्रमांक घालून भिंतीवर टांगीन."

"टांगा. पर जरा वर टांगा, पंख्याखाली," तो म्हणाला आणि चहा आणायला गेला.

मी चौतीस विभागांना पत्रं लिहिली: आमच्या दालनात येऊन आपला एक तास घ्या. उत्तरं तीन आली. दोघांनी कळवलं की त्यांच्या अभ्यासक्रमात चित्रकला नाही. तिसरं वनस्पतिशास्त्राच्या चौगुले सरांचं. दालन निरोपसमारंभाच्या जेवणासाठी मिळेल का, असं विचारलं होतं. निदान जागा आठवली म्हणून मी त्यांच्याकडेच गेले.

चौगुले सर म्हणजे आडवातिडवा, मोठ्या आवाजाचा माणूस. वर्गात शिकवायला लागले की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडतात, असं त्यांचेच विद्यार्थी सांगतात.

"बाई, आमचं समदं सूक्ष्मदर्शकाखाली," ते म्हणाले. "तुमच्या चित्रात काय पेशी दिसणार हायत?"

"पेशी नाही दिसणार. ऊस दिसेल."

"ऊस? ऊस बघायला चित्र कशाला? ह्या खिडकीतनं दिसतोय की."

"खिडकीतला आजचा आहे सर. माझ्याकडं ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा आहे."

त्यांनी कपातला चहा फिरवला. "तिथं चहा मिळंल?"

"दालनात नाही. बाहेर शिवाप्पा देईल."

ते आले. अठ्ठावीस विद्यार्थी घेऊन आले. चित्र गुऱ्हाळाचं आहे, तैलरंगातलं, चांगलं सहा फूट रुंद. मधोमध रसाची मोठी काहील, खाली चुलवाण पेटलेलं, उघड्या अंगाचे चार पुरुष, गूळ करणारा गुळव्या काठीनं रस ढवळतोय, मागं चिपाडाचा ढीग आणि त्याच्याही मागं उभा ऊस. चौगुले सर चित्राकडे पाठ करून उभे राहिले आणि उसाच्या जातींवर चाळीस मिनिटं बोलले. उत्तम बोलले, तसं ते बोलतातच. विद्यार्थ्यांनी वह्या भरल्या. मी घड्याळ लावून बसले होते. चाळीस मिनिटांत मुलांच्या नजरा चित्राकडे गेल्या त्या सगळ्या मिळून चार मिनिटांवर जात नव्हत्या.

तास संपल्यावर सर खुशीत माझ्याकडे आले. "कसं काय झालं?"

"वाईट," मी म्हणाले.

"काय?"

"हेच तुम्ही तुमच्या वर्गात बोलू शकला असता. चित्र तुमच्या पाठीमागं होतं. अर्धं तर तुमच्यामुळं झाकलंच होतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "बाई, मी सव्वीस वर्षं शिकवतोय."

"शिकवा की. पण इथं येऊन शिकवू नका. इथं बघू द्या."

ते निघून गेले. चहाही घेतला नाही. शिवाप्पा कप हातात घेऊन दारात उभा. "अक्का, एकच मास्तर गावला हुता, त्योबी घालवलासा," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. घरी येऊन मी यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुला नोकरी चालवायचीय का भांडण?" मी म्हणाले, दोन्ही.

चार दिवसांनी चौगुले सर एकटे आले. चित्रासमोर उभे राहिले, हात मागं बांधून. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "बोला. काय करायचं म्हणता?"

काय करायचं ते मला तोवर पुस्तकातून नव्हे, नुसतं त्या फसलेल्या तासावरून सुचलं होतं. विद्यार्थी वीसच आणायचे, त्याहून जास्त झाले तर मागच्याला पुढच्याची मानच दिसते. चित्र एकच घ्यायचं. चित्राखालची पाटी कोऱ्या कागदानं झाकायची, कारण पाटी दिसली की माणूस पाटी वाचतो आणि चित्र बघितल्याचं समाधान मानतो. आणि पहिली दहा मिनिटं कुणीच बोलायचं नाही. शिक्षकानं तर नाहीच. शिक्षकासाठी मागं एक खुर्ची.

"म्हंजे मी गप बसू?"

"दहा मिनिटं."

"आमच्या घरात इचारा, मी दहा मिनिटं गप बसलोय का कधी."

पण बसले. खुर्चीचे हात धरून बसले. सातव्या मिनिटाला त्यांनी तोंड उघडलं, मी बघितलं, त्यांनी मिटलं.

अकराव्या मिनिटाला मुलं बोलायला लागली आणि मग तास संपला तरी थांबेनात. एकानं सांगितलं, ऊस केवढा बारीक आहे, मनगटाएवढासुद्धा नाही. दुसऱ्यानं विचारलं, मग चिपाडं एवढी कशी? तिसरा म्हणाला, बारीक उसात रस कमी आणि चोयटी जास्त. सर मागून "शाबास" म्हणाले, तेवढंच. मग हातकणंगल्याची एक मुलगी, रूपाली नाव तिचं, चित्राच्या उजव्या कोपऱ्याजवळ गेली. वीतभर अंतर ठेवून वाकली.

"मॅडम, ह्याला नाव काय दिलंय?"

मी कागद वर केला. पाटीवर होतं: चैत्रातलं गुऱ्हाळ.

"चैत्र न्हाई ह्यो," ती म्हणाली. "मागच्या उसाला तुरा आलाय की. नवाकोरा, चंदेरी. दिवाळीनंतर येतो असला. चैत्रापतोर झडून, पिंजून जातोय सगळा."

मी जवळ गेले. उसाच्या चार फूट लांब रांगेवर पांढरट फटकारे होते. अकरा वर्षं मी त्यांना ढग समजत होते.

ते नाव मीच दिलं होतं. आधीच्या नोंदीत फक्त 'गुऱ्हाळ' होतं. यादी छापायची वेळ आली तेव्हा मी विचार केला, माणसं उघडी आहेत, घामानं चमकताहेत, म्हणजे उन्हाळा. शहरातली, पेठेतली मुलगी मी. उसाचा रस प्यायले तो गाड्यावर. गुऱ्हाळावर गेले ती सहलीला, दुपारी, गूळ खायला. रूपालीच्या शेजारचा मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, चुलवाणापुढं थंडीतबी कपडं घालून उभं ऱ्हायचं म्हटलं तर माणूस भाजून निघंल." अख्ख्या जिल्ह्याला माहीत असलेली गोष्ट संग्रहालयाच्या अभिरक्षकाला माहीत नव्हती आणि ती छापील यादीत गेली होती.

माझे कान तापले. पण पुढं काय करायचं ते आमच्या धंद्यात ठरलेलं आहे. नोंदवहीत खोडायचं नसतं. रबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलेल्या मजकुरावर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी नवी नोंद, तारीख, सही, आणि ही दुरुस्ती कुणाच्या सांगण्यावरून केली त्याचं नाव. मी वही तिथंच आणली आणि मुलांसमोर लिहिलं. रूपालीचं पूर्ण नाव विचारून लिहिलं.

"माझं नाव कायमचं ऱ्हाणार त्यात?" तिनं विचारलं.

"माझी चूकसुद्धा राहणार," मी म्हणाले.

चौगुले सर तिच्याकडे बघत होते. ते नंतर मला म्हणाले, ही पोरगी दोन वर्षं माझ्या वर्गात आहे, आज पहिल्यांदा बोलली.

त्यानंतर सरांनीच बातमी केली. त्यांच्या आवाजात बातमी केली म्हणजे सगळ्या परिसरात झाली. कायद्याचे एक सर आले. त्यांनी मुलांना दरबाराचं चित्र दोन मिनिटं बघायला लावलं, मग चित्राकडे पाठ करून एकेकाची साक्ष घेतली. बारा साक्षीदारांनी दरबारात नऊपासून सतरापर्यंत माणसं बसवली. एकीनं शपथेवर हत्ती पाहिला. चित्रात हत्ती नाही. सर म्हणाले, साक्षीवर मी तीन व्याख्यानं देतो, त्यांचं काम ह्या हत्तीनं केलं.

संख्याशास्त्राच्या मॅडमनी मोठ्या दालनातली व्यक्तिचित्रं मोजायला लावली. मला आनंद झाला, मोजणं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. पुरुषांची अडतीस निघाली, त्यांपैकी पस्तिसांच्या पाटीवर नाव. बायकांची एकोणीस, नाव दोघींना. उरलेल्या सतराजणी 'एक स्त्री', 'पाणवठ्यावर', 'नऊवारीतील तरुणी'. मॅडमनी तो तक्ता माझ्या हातात दिला. त्या पाट्यांतल्या अकरा माझ्या अक्षरातल्या होत्या. जुन्या फायली चाळून त्यांतल्या पाचजणींची नावं मी शोधली. पाचही नावं फायलीतच होती. कुणी विचारली नव्हती, एवढंच. बाराजणी अजून बिननावाच्या आहेत आणि ते मला टोचतं.

सगळंच गोड झालं नाही. एक सर नव्वद विद्यार्थी घेऊन आले आणि पाच मिनिटं स्वतःचे फोटो काढून गेले. त्यांना मी परत बोलावलं नाही. एक बाई म्हणाल्या, गप्प बसून बघण्याचे गुण कुठल्या रकान्यात टाकायचे? मी म्हणाले, मला माहीत नाही, पण तुम्ही बघून तरी जा. त्या बघायला आल्या नाहीत.

फेब्रुवारीअखेर सात महिन्यांचा अहवाल तयार झाला. तास सेहेचाळीस, विभाग नऊ, आणि शेवटी एक तक्ता: वर्गांमुळे झालेल्या नोंदींच्या दुरुस्त्या, एकतीस. चौगुले सरांनी अहवाल वाचला आणि दार ओढून घेतलं.

"बाई, तेवढं शेवटचं पान काढा."

"का?"

"का काय? एकतीस चुका सोताच्या हातानं लिवून देताय? समितीत तुमचं कोण मेव्हणं बसल्यात काय? तुमच्या सेवापुस्तकात जाईल हे."

"सर, ते पान काढलं तर अहवालात नुसती डोकी उरतात. सेहेचाळीस तास म्हणजे आठशे-नऊशे मुलं. तपासणी केंद्रात तेवढ्या उत्तरपत्रिका एका दिवसात होतात. डोकी मोजली तर आपण हरलो."

"आणि चुका मोजल्या तर जिंकणार?"

"ते माहीत नाही. पण इथं काय घडलं ते त्या पानावर आहे."

मी ते पान शेवटून काढलं आणि पहिलं लावलं.

मार्चमध्ये समिती आली. अध्यक्ष, दोन सदस्य आणि फीत घेऊन आलेला एक माणूस. अध्यक्ष बोलत होते तेव्हा तो दारांची रुंदी मोजत होता.

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही लोकांना चुकीची माहिती देत होता?" अध्यक्षांनी पहिलंच पान वाचून विचारलं.

"हो."

"आणि हे स्वतःच लेखी देताय?"

"हो. साहेब, अकरा वर्षं ती चूक सापडली नाही, कारण अकरा वर्षं इथं कुणी वर्ग घेतला नाही. वर्ग सुरू झाले आणि सात महिन्यांत एकतीस सापडल्या. जागा वापरात आहे की नाही, हे ह्याहून चांगलं कसं मोजायचं ते सांगा, तसं मोजून देते."

एक सदस्य हसले. अध्यक्ष हसले नाहीत. चौगुले सर मुद्दाम त्या वेळी येऊन खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, चित्र तरी बघा जरा. फीत नंतर लावा." अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

महिन्याभरात निर्णय आला. मोठं दालन पुढील आदेशापर्यंत आमच्याकडे. लहान दालन तपासणी केंद्राला. त्यातली शहाऐंशी जलरंगातली चित्रं तळघरात. सोबत मला 'नोंदी ठेवण्यात हलगर्जी' अशी लेखी ताकीद. मी पोच दिली: पत्र मिळालं, मजकूर मान्य नाही. यजमान म्हणाले, नुसती सही केली असतीस तर चाललं असतं. चाललं असतं, पण माझा हात चालला नसता.

शहाऐंशी चित्रं मी आणि शिवाप्पानं चार दिवसांत खाली नेली. मांडण्या भिंतीपासून हातभर पुढं ओढल्या, खाली विटा लावल्या. रोज दोनदा जाऊन बघितलं. तरी ऑगस्टमध्ये क्रमांक दोनशे सात आणि दोनशे एकोणीसवर बुरशी बसली. दोनशे सात म्हणजे नदीकाठची सकाळ, एवढ्या पातळ निळ्या रंगातली की कागद श्वास घेतोय असं वाटायचं. त्या निळ्यात आता राखी ठिपके आहेत. ते जाणार नाहीत. मोठ्या दालनासाठी भांडताना मी लहान दालनासाठी कमी भांडले का, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही.

बुरशी दिसली त्या दिवशी तळघराच्या पायरीवर बसलेल्या मला शिवाप्पानं विचारलं, "अक्का, आता?"

मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात गेले. म्हणाले, माझ्याकडे बुरशी आहे, शिकवायला या. तिथल्या तरुण प्राध्यापिका दुसऱ्याच दिवशी आल्या. वीस मुलं, दोन विजेऱ्या. दोनशे सात घडवंचीवर ठेवलं. आधी दहा मिनिटं सगळे गप्प. मग त्यांनी नमुने घेतले, भिंतीचे, हवेचे, चौकटीच्या लाकडाचे. दर बुधवारी अकरा वाजता तळघरात तास भरू लागला, तो अजूनही भरतो. पहिल्या सहा आठवड्यांत कुठली बुरशी, कुठून आली, कितीव्या दिवशी कुठवर जाईल, हे मुलांनी आलेखासह लिहून काढलं. शेवटचं वाक्य असं: ह्या खोलीत कागदावरची कोणतीही वस्तू ठेवू नये. खाली वीस सह्या आणि विभागप्रमुखांची एकविसावी. तो अहवाल मी समितीला पाठवला. चौगुले सरांनी आणखी सहा विभागांच्या सह्यांचं पत्र जोडलं. लहान दालन परत द्या, एवढीच मागणी.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं ते वेगळंच. गेल्या आठवड्यात एक ओळीचं विचारणापत्र मिळालं: तळघर ही साठवणीची जागा असताना तेथे वर्ग घेण्याची परवानगी कोणी दिली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

मी तीन दिवस घेतले नाहीत. त्याच कागदाच्या मागं लिहिलं, 'परवानगी मी दिली.' खाली सही केली, हुद्दा घातला आणि कागद शिवाप्पाच्या हाती दिला. त्यानं तो वाचला, टोपी सारखी केली आणि मुख्य इमारतीकडे चालत निघाला. बुधवार होता. अकराला पाच मिनिटं कमी होती. मी तळघराची किल्ली घेतली.